सेकंडहँड व्ही८ ट्विन टर्बो आणि मुक्काम पोस्ट देवगड : घेऊ की नको?

रातांबा :
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. विषय येडेपणाचा आहे हे आधीच कबूल करतो. यंदा आंब्याने हात दिला (नजर लावू नका) आणि मागच्या आठवड्यात मुंबईला गेलो होतो तेव्हा एका सेकंडहँडवाल्याकडे बीएमडब्ल्यू ७५०एलआय बघितली, २०१३ची, काळी, आतून दुधी लेदर, एकसष्ट हजार चाललेली. सांगतोय अठरा लाख. नवीन असताना ही गाडी कोटीच्या वर होती राव! चुलतभाऊ म्हणतो एवढ्यात नवीकोरी क्रेटा येते, गप घे आणि घरी ये. पण मी मागच्या सीटवर दोन मिनिटं बसलो आणि तिथेच घोळ झाला.

वापर म्हणजे वर्षातून आठ-दहा वेळा मुंबई-देवगड, बाकी घर ते बाग. इंजिन ४.४ लिटर व्ही८ (आठ सिलिंडर, दोन तिरक्या रांगांत). नेटवर ‘एन६३’ (ह्या इंजिनाचं कंपनीतलं नाव) टाकलं की नुसत्या शिव्याच येतात, ऑइल पितं, धूर काढतं वगैरे. खरंच एवढं वाईट आहे का हे, की लोक एकाचं बघून दुसरा रडतायत? आणि आपल्या हवेत, घाटात, पावसात ते टिकेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, इतरांनी चिमटे काढले तरी चालतील.

तिरफळ :
अठरा लाख आसत तर होडी घे मेल्या, निदान मासो तरी गावतलो.

सोलकढी :
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. बादवे, ही गाडी तुझ्या घराच्या पाणंदीत वळणार कशी? लांबी सव्वापाच मीटर आहे तिची, मी बघितलं आत्ता.

रातांबा :
@सोलकढी वळणार नाही, रिव्हर्स घेईन. पुढचा प्रश्न.

पाना_१४ :
मी बारा वर्षं आखातात जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपला होतो, आता चिपळूणला परत आलोय. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मापं. एन६३ म्हणजे ४३९५ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.३. २००८ला एक्स६मध्ये आलं तेव्हा ४०७ पीएस (हॉर्सपॉवरच समज) आणि ६०० न्यूटनमीटर ओढ, तेही १७५० आरपीएमपासून. तू बघतोयस त्यात सुधारलेलं एन६३टीयू आहे, त्यात व्हॅल्व्हट्रॉनिक (व्हॉल्व्ह किती उघडायचे ते कमीजास्त करणारी यंत्रणा) आलं आणि आकडे ४५० पीएस, ६५० न्यूटनमीटर झाले. दोन टनांच्या आसपासची गाडी पाच सेकंदांच्या आत शंभरला जाते. कागदावर काहीही खोट नाही. चालवायलाही नाही, मी शेकड्याने चालवल्यात, फोंडा घाट काय नि गगनबावडा काय, तुला चढ आहे हे कळणारसुद्धा नाही.

खरी मेख वेगळीच आहे. साध्या व्ही८मध्ये सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेतून हवा आत जाते आणि एक्झॉस्ट दोन्ही बाहेरच्या अंगांना निघतो. ह्यांनी ते उलटं केलं. एक्झॉस्ट आत, मधल्या खाचेत, आणि दोन्ही टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) तिथेच वर बसवले, त्यांच्या डोक्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा). ह्यालाच हॉट व्ही म्हणतात. कारण पटण्यासारखं आहे, धुराला टर्बोपर्यंत जायला वीतभरच वाट, म्हणून टर्बो पटकन फिरतो, कन्व्हर्टर लवकर तापतो म्हणजे प्रदूषणाची परीक्षा सोपी, आणि इंजिन आडवं कमी पसरतं. पण पेट्रोल टर्बोत शिरणारा धूर जोर लावला की नऊशे अंशांच्या पुढे असतो, आणि ही चूल तू इंजिनाच्या बरोब्बर मधोमध पेटवलीस. आजूबाजूला काय आहे? व्हॉल्व्हचे रबरी सील, कूलंटच्या नळ्या, क्रँककेसच्या (इंजिनाच्या पोटातल्या) वाफा नेणारे पाइप, वायरिंग. चुलीच्या वैलावर दूध ठेवलं की जाळ न लावता आटत जातं ना, तसं हे सगळं आटत जातं. एका दिवसात काही होत नाही. चार-सहा वर्षांनी रबर कडक होतं, मग व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल झिरपतं आणि जळतं.

त्यात सुरुवातीला ऑइल बदलायची मुदत ठेवली होती अमेरिकेत १५,००० मैल किंवा दोन वर्षं. एवढ्या तापणाऱ्या इंजिनाला! डिसेंबर २०१४मध्ये कंपनीने तिथे ह्या इंजिनासाठी खास ‘कस्टमर केअर पॅकेज’ काढलं, त्यात टायमिंग चेन, इंजेक्टर, हवेचा सेन्सर, व्हॅक्यूम पंप, बॅटरी असं बरंच काही तपासून बदलून दिलं आणि ऑइलची मुदत १०,००० मैल किंवा एक वर्षावर आणली. पुढे ऑइल पिण्यावरून तिथे कोर्टात तडजोडही झाली. म्हणजे लोक उगाच रडत नव्हते. फक्त एक लक्षात घे, ते पॅकेज जुन्या एन६३साठी होतं, टीयू त्यामानाने बरं. पण टर्बो अजून तिथेच आहेत, खाचेत.

घाटवळण :
दंडवत घ्या पानाकाका. एक भर घालतो, ह्या गाडीला ऑइल बघायची दांडीच नाही! स्क्रीनवर मेनूत जाऊन बघायचं, तेही इंजिन गरम असेल तर. म्हणजे सकाळी बॉनेट उघडून फडक्याने दांडी पुसून बघायची बापजाद्यांची सवय इथे कामाची नाही. साडेआठ लिटर ऑइल असतं, आणि लिटरभर कमी झालं की गाडी स्वतः मागते. काही लोक ती सूचना बघून ओके दाबतात आणि पुढे जातात.

नाखवा :
पाना भाऊ, तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या मिरकरवाड्याच्या लाँचीत सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, ट्रकचंच, बोटीसाठी फिरवलेलं. बोटीचं इंजिन बंद खोलीत असतं, वारा नाही, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच पाण्याचं जॅकेट असतं. म्हणजे सगळ्यात जास्त तापणारा भाग पहिला पाण्यात गुंडाळायचा, मग बाकीचं. हात लावला तरी भाजत नाही. आणि हे गाडीवाले तोच भाग उघडा मधोमध ठेवतात म्हणजे कमालच झाली. आमचं इंजिन पंधराशे-अठराशे आरपीएमला दहा-दहा तास जाळं ओढतं, घाई नाही कसली. ताकद कमी पण ऑइल दर ठरलेल्या तासांना बदलतो, किलोमीटर कोण मोजतो समुद्रात.

पाना_१४ :
@नाखवा बरोबर पकडलंत. टर्बोच्या बेअरिंगला पाणी ह्यातही आहे, आणि गाडी बंद केल्यावर एक विजेचा पंप ते पाणी फिरवत राहतो, पंखाही कधी कधी घोंघावत असतो. शेजारी येऊन सांगतात गाडी चालू राहिली म्हणून. पण बाकी खाच कोरडीच.

आणि तास मोजायचं तुमचं म्हणणं मी गाडीलाही लावेन. मुंबईतली एकसष्ट हजार म्हणजे आपली एकसष्ट हजार नव्हे. अंधेरी ते बीकेसी दीड तास, चालली बारा किलोमीटर, एसी चालू, पुढून वारा नाही, चूल मात्र पेटलेली. हायवेवर दीड लाख चाललेली गाडी मी त्याच्याआधी घेईन. लोकांना हे पटत नाही, मीटर बघून खूश होतात.

वेगवेडा :
अवांतर होतंय पण राहवत नाही. खरं इंजिन बघायचं तर त्याच कंपनीचं एस८५ बघा! २००५च्या एम५मधलं व्ही१०, ४९९९ सीसी, टर्बो बिर्बो काही नाही, दहा सिलिंडरला दहा वेगळे थ्रॉटल (हवेच्या झडपा), ५०७ पीएस ७७५० आरपीएमला, आणि काटा ८२५०पर्यंत. स्ट्रोक ७५.२ मिमी, म्हणजे त्या वेगाला पिस्टन सरासरी सेकंदाला वीस मीटरच्या वर पळतो, आणि प्रत्येक फेरीला दोनदा थांबून उलटा फिरतो. कल्पना करा. आवाज ऐकला तर आरती विसराल.

पाना_१४ :
@वेगवेडा आवाजाबद्दल सहमत, बाकी सावकाश. त्याच एस८५चे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग झिजतात हे जगजाहीर आहे, लोक इंजिन धड असतानाच आधीच बदलून घेतात, आणि थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरी जातात. १०डब्ल्यू६० ऑइल लागतं, थंड असताना काकवीसारखं जाड. म्हणून एम गाड्यांच्या (बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या) आरपीएमच्या काट्याभोवती दिवे असतात, ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात, तोपर्यंत वर न्यायचं नाही. आणि लोक काय करतात, सकाळी सोसायटीतून बाहेर पडताना गेटवरच्या वॉचमनला आवाज ऐकवतात.

६.२ लिटरच्या एएमजीचं (मर्सिडीजच्या वेगवान गाड्या) कोणीतरी काढेलच म्हणून आधीच लिहितो. एम१५६, ६२०८ सीसी, एका माणसाने बांधलेलं, त्याच्या सहीची पट्टी वर. सुंदर इंजिन. सुरुवातीच्या इंजिनांचे हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट तुटायचे, पुढे बोल्टच बदलले. सही असली म्हणून बोल्ट ऐकत नाही.

सोलकढी :
मग टिकणारं असं कुठलं इंजिन आहेच का महागड्या गाड्यांत?

घाटवळण :
आहे की. लेक्सस एलएस ४००मधलं १यूझेड, १९८९चं, ४ लिटर व्ही८, टर्बो नाही. अमेरिकेत तशी एक गाडी दहा लाख मैल चालली. पण त्यातून ताकद किती काढली होती? अडीचशेच्या आसपास. इथे जवळपास तेवढ्याच लिटरमधून साडेचारशे काढतायत. गाय तीच, दूध दुप्पट पाहिजे म्हटल्यावर पेंड पण तशी लागणार आणि डॉक्टर पण.

गुहागरकरीण :
मला इंजिनातलं फार कळत नाही पण पावसाबद्दल विचारलंय म्हणून आमची कथा सांगते. गाडी कुठली ते सांगत नाही, भारीतली होती एवढंच. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये रात्री घरी येत होतो, ओढ्याला पाणी आलेलं, लाल गढूळ, समोरून एक पिकअप आरामात पलीकडे गेला म्हणून ह्यांनीही घातली. मध्यावर गेल्यावर गाडीने एक उचकी दिली आणि गप्प. इथपर्यंत ठीक होतं हो. पण ह्यांनी परत बटण दाबलं. टक् असा आवाज आला, लहानसा, पाट्यावर वरवंटा आपटल्यासारखा, आणि मग काहीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं, पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला असं नंतर सांगितलं. ट्रॅक्टरने ओढून काढली. दरवाजा उघडला तर पायाशी पाणी आणि त्यात माझी एक चप्पल आणि एक छोटा खेकडा.

विम्यावाले म्हणाले साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ते आम्ही बाराशे-पंधराशे वाचवायला घेतलं नव्हतं.

रातांबा :
@गुहागरकरीण ताई खेकड्याचं काय केलंत 😀
पण हे फार कामाचं सांगितलंत, लिहून ठेवलं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि ह्या गाडीची तळाची उंची बघता ओढा काय, स्पीडब्रेकरच पुरे.

नाखवा :
खारं वारं पण धरा हिशेबात. समुद्रापासून घर किती लांब? वायरच्या जोडांवर हिरवं चढतं, गाडी उभी असेल तर जास्तच. आणि उंदीर! आंब्याच्या पेट्यांचं गवत जवळ असेल तर बॉनेटखाली बिऱ्हाड झालंच म्हणून समजा. माझ्या साध्या जीपची वायर कुरतडली, पन्नास रुपयाची टेप लावून चालू केली. तुमच्या गाडीत त्याच वायरीवरून अठरा कंप्युटर बोलत असतील.

घाटवळण :
पेट्रोलचं कोणी बोललं नाही. ह्या इंजिनाला ९५ ऑक्टेन (पेट्रोल अवेळी न पेटण्याचं माप) पाहिजे. कमी मिळालं तर नॉक सेन्सर अवेळी पेटल्याचा ठोका ओळखून ठिणगी उशिरा पाडायला लावतो, इंजिन वाचतं पण ताकद कमी होते, म्हणजे साडेचारशेचे पैसे देऊन पावणेचारशे वापरायचे. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं ही जमेची बाजू, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि २०१३ची गाडी काही २० टक्के धरून बांधलेली नाही. वर आपली जुलै-ऑगस्टची हवा, जिथे मीठसुद्धा बरणीत पाझरतं. टाकी अर्धी ठेवून गाडी दोन महिने ताडपत्रीखाली उभी करू नका, भरून ठेवा आणि आठवड्याला नीट फिरवून आणा. नीट म्हणजे अर्धा तास तरी, पोर्चमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करणं सगळ्यात वाईट.

पाना_१४ :
@घाटवळण सहमत. आणि नुसतं हळू हळू फिरवल्याने अजून एक होतं. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळी धरते आणि कोणी धूत नाही. मग वर्कशॉपमध्ये अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून साफ करतात.

तिरफळ :
अक्रोड कित्याक? काजीची टरफला चलतली काय? हय ढिगान पडलीहत.

पाना_१४ :
@तिरफळ 😂 काजूच्या टरफलातल्या तेलाने माणसाच्या हाताची साल जाते, व्हॉल्व्हचं काय होईल ते तुम्हीच बघा. अक्रोड कोरडा असतो आणि अॅल्युमिनियमला ओरखडा काढत नाही म्हणून तो.

असो. रातांबा, तू घेणारच आहेस असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतंय, म्हणून बघायला जाशील तेव्हा काय करायचं ते सांगतो. डीलरला आधी कळवू नकोस कधी येणार ते, किंवा कळव आणि तासभर आधी जा. गेल्या गेल्या पहिलं काम, बॉनेटवर तळहात ठेव. गार पाहिजे. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून धूर जाऊ दिलाय. गार असेल तर चालू कर आणि वीस मिनिटं नुसती आयडलला ठेव, एसी लाव, गाणी ऐक, काही कर. मग मागे कोणालातरी उभं करून एकदाच बऱ्यापैकी अॅक्सिलरेटर दे. निळसर ढग आला तर व्हॉल्व्ह सील गेले. बत्तीस व्हॉल्व्ह, बत्तीस सील, रबराची किंमत किरकोळ, मजुरी मात्र रडवेल कारण तिथे पोचायलाच दिवस जातात. ढग नाही आला तर सर्विसचे कागद माग. किलोमीटर बघू नको, तारखा बघ. दोन ऑइल बदलांमध्ये दीड-दोन वर्षं दिसली तर नमस्कार करून ये.

आणि सगळं ठीक निघालं तरी तीन-चार लाख वेगळे काढून ठेव, अधिकृत सर्विस तुला लांब पडणार, मधे काही झालं तर फ्लॅटबेड घाटातून न्यायचं भाडं वेगळं. २०२८ला पंधरा वर्षं होतील, आरसी रिन्यू करायला पासिंगला न्यावी लागेल. हे सगळं ऐकूनही घ्यावीशी वाटली तर घे, मी ऑइल बदलून देईन, मजुरी एक पेटी हापूस.

वेगवेडा :
+१. पहिल्या फळीतला हापूस, नंतरचा नाही.

सोलकढी :
घरी विचारलंस का पण? आई-बाबा काय म्हणतात?

रातांबा :
@सोलकढी बाबांना फोटो दाखवला. म्हणाले चांगली आहे, पेट्या किती मावतात? म्हटलं मागे दोघांना आरामात झोपता येईल. म्हणाले झोपायला घर आहे.

रातांबा : (नऊ दिवसांनी)
अपडेट देतो, बरेच जण व्यनित (खाजगी निरोपात) विचारतायत.

काल जाऊन आलो. रात्री कणकवलीहून गाडी पकडली, पहाटे उतरलो, अकराची वेळ दिली होती, मी सव्वानऊला हजर. डीलरचं शटर अर्धं वर, पोऱ्या बाहेर काळ्या बॉनेटवर पाणी मारत होता. मी सहज गेल्यासारखा गेलो आणि हात ठेवला. पानाकाका, तवा हो. वर गार पाणी मारूनसुद्धा आतून धग येत होती, आणि पुढून तो पंख्याचा आवाज, गाडी बंद, चावी टेबलावर. पोऱ्याला विचारलं कितीला चालू केलीस रे, तर तो बिचारा सरळ म्हणाला, साहेब सव्वाआठला, शेठनी सांगितलंय गिऱ्हाईक यायच्या आधी रोज तासभर ठेवायची.

तरी बसलो. शेठ आले, चहा आला. म्हटलं गार होऊ दे, मी दुपारी येतो, मग वीस मिनिटं आयडलला ठेवू. तर म्हणाले, एवढा वेळ उभी चालू ठेवायची तर पेट्रोलचे पैसे कोण देणार. मी म्हटलं मी देतो. मग म्हणाले दुपारी दुसरं गिऱ्हाईक आहे. कागद मागितले तर दोन सर्विसची बिलं निघाली, मधे अडीच वर्षं. ह्यावर उत्तर काय, तर ‘गाडी चाललीच कमी, ऑइल कशाला बदलायचं’. नाखव्यांचे तास आठवले मला.

निघताना एकदा मागच्या सीटवर बसून आलो मात्र. खोटं कशाला बोलू.

पाना_१४ :
वाचलास. तो पंखा आणि पंप तुझ्यासाठीच चालू होते समज. तिला दोष नको देऊस, अडीच वर्षं तेच ऑइल म्हणजे कुठलंही टर्बो इंजिन असतं तरी हेच म्हटलं असतं. पुण्यात एक आहे ओळखीच्यांची, पंचाण्णव हजार चाललेली, पण दर वर्षाला ऑइल आणि सील आधीच बदललेले, सगळी बिलं फाइलला. दोन लाख जास्त सांगतील. व्यनि करतो.

गुहागरकरीण :
रातांबा, घेतलीस तर इंजिन प्रोटेक्ट. आणि खेकडा सोडून दिला ओढ्यात, विचारलं होतंस म्हणून.

रातांबा :
@पाना_१४ व्यनि बघितला. रविवारी जातोय. बाबा पण येतो म्हणालेत, डिकी मोजायला टेप घेऊन.

तिरफळ :
मगे होडीचा काय?